चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आणि लॅपटॉपचा आवाज गेला (आरत्यांची ध्वनिमुद्रणे आत आहेत)

शापोराकाठ | ९ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या, किनाऱ्यावरच्या मोरजीचा. आमच्या वाड्यावरच्या आठदहा मुलांना दर श्रावणात घुमट आरती (घुमट म्हणजे चामडे लावलेले मातीचे वाद्य) शिकवतो. माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी म्हटलेल्या आरत्या काही वर्षांपूर्वी मुद्रित करून ठेवल्या होत्या. त्या लॅपटॉपवर लावायच्या, मुलांनी ऐकायच्या, मग हात कुठे पडतो, शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) कुठे शिरते, कासाळे (झांज) कुठे थांबते ते मी दाखवायचे, अशी आमची रीत. त्या मुद्रणातले दोघे वाजवणारे आता हयात नाहीत.

चवथ २७ तारखेला आहे आणि परवापासून लॅपटॉपमधून काहीच ऐकू येत नाही.

लॅपटॉप सहा वर्षांचा. विंडोज १० होते, गेल्या महिन्यात ११ करून घेतले. आवाजाची पट्टी १००वर आहे, स्पीकरच्या चित्रावर फुली नाही. आरती लावली की सेकंद पुढे सरकतात, आवाज मात्र शून्य. गेल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात एचडीएमआय केबलने प्रोजेक्टरला जोडला होता, तेव्हा सगळे ठीक होते. आज म्हापशाला एका दुकानात दाखवला. पाच मिनिटे बघून ते म्हणाले, मदरबोर्ड गेला, नऊ हजार लागतील. माझ्याच्याने इतके होणार नाही. दुसरा काही मार्ग आहे का?

---

दोनापावला | ९ ऑगस्ट, रात्री १०.०५

विंडोज नवीन टाका. अपग्रेड केल्यावर असे होते. अर्ध्या तासाचे काम.

---

सोल्डरगन | ९ ऑगस्ट, रात्री १०.३१

दोनापावला, थांबा. शापोराकाठ, तुम्हीही कृपा करून आज विंडोजला हात लावू नका. आधी एकच सांगा: ही मुद्रणे आणखी कुठे ठेवली आहेत का? पेन ड्राइव्ह, फोन, कुठेही? नसतील तर आवाजाचे नंतर बघू. आवाज गेला म्हणजे फायली गेल्या असे नाही, पण दुरुस्तीच्या खटाटोपात फायली गेलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. दोन पेन ड्राइव्हवर प्रती काढा आणि फोनवर लावून बघा, नीट वाजतात ना. मग पुढे जाऊ.

---

शापोराकाठ | १० ऑगस्ट, सकाळी ७.१५

दादा, खरे सांगायचे तर कुठेच नव्हती. तुमचे वाचून रात्री झोप लागेना. उठून एका पेन ड्राइव्हवर काढली, फोनवर ऐकली, सगळी शाबूत आहेत. दुसरी प्रत आज बहिणीकडे ठेवायला देतो.

---

सुरंगी | १० ऑगस्ट, सकाळी ८.५०

प्रोजेक्टर म्हणालात तिथेच मला शंका आली. मी शाळेत शिकवते, आमच्याकडे हे महिन्यातून एकदा होते. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. केबल लावली की विंडोज आवाज तिकडे वळवते आणि कधीकधी केबल काढल्यावरही तो परत लॅपटॉपकडे येत नाही. मग आपण पट्टी वर-खाली करत बसतो, आणि ती पट्टी भलत्याच उपकरणाची असते.

विंडोज ११मध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही या तीन कळा एकत्र दाबा. आवाज कुठे चालला आहे त्याची यादी उघडते. त्यात 'स्पीकर' निवडा. खाली प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी पट्टी असते, तीही बघा. एखाद्याच प्रोग्रॅमचा आवाज शून्यावर असतो आणि आपण सगळ्या लॅपटॉपला दोष देतो.

यादीत काय दिसते ते इथे जसेच्या तसे लिहा.

---

शापोराकाठ | १० ऑगस्ट, दुपारी १.२०

सुरंगीताई, यादीत एकच नाव आहे: 'हेडफोन', पुढे रियलटेक. स्पीकर नाहीच. पण मी हेडफोन लावलेलाच नाही! भोक रिकामे आहे.

मग भाच्याचा हेडफोन आणून लावला, तर त्यात आवाज स्वच्छ. काढला की पुन्हा शांत. यादीत मात्र तेव्हाही 'हेडफोन' तसेच.

---

सोल्डरगन | १० ऑगस्ट, दुपारी २.०५

हे पहिल्याच दिवशी कळले असते तर तुमची म्हापशाची खेप वाचली असती. पण प्रश्न विचारायचे आमचे काम होते, आम्हीही विचारले नाही.

मदरबोर्ड गेला हे मला पटत नाही. का ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या दुकानात तुम्हालाच बोलता येईल.

लॅपटॉपमध्ये आवाजाची एक छोटी चिप असते, तिला कोडेक म्हणतात. फाइलमधल्या आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर ती करते. तिथून एक वाट स्पीकरकडे जाते, दुसरी साडेतीन मिलिमीटरच्या हेडफोनच्या भोकाकडे. तुमच्या हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ आहे. म्हणजे फाइल, प्रोग्रॅम, विंडोजची ध्वनिसेवा, कोडेक हे सगळे चालू आहे. बिघाड आहे तो दोन वाटा फुटतात त्याच्या पुढे.

आता त्या भोकात काय असते बघा. पिनला टेकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या असतात. त्यांखेरीज आणखी एक पट्टी असते, जिचे काम फक्त खबर देण्याचे. पिन आत शिरली की ती पट्टी सरकते, जोडणी उघडते किंवा मिटते, आणि कोडेकला कळते की कोणी हेडफोन लावला. फार जुन्या यंत्रांत ही पट्टी स्पीकरची तार खरोखरच तोडायची. गेल्या वीसेक वर्षांच्या लॅपटॉपांत तसे नाही. आता ती फक्त निरोप देते, आणि स्पीकर बंद करायचा निर्णय ड्रायव्हर (चिपला चालवणारा प्रोग्रॅम) घेतो. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे कामाचा आहे.

तुमच्याकडे ही खबर देणारी पट्टी अडकली आहे, वाकली आहे किंवा तिच्यावर थर बसला आहे. भोक रिकामे असूनही ती म्हणते, हेडफोन आहे. विंडोज विश्वास ठेवते आणि स्पीकर बंद करते.

मोरजी म्हणालात म्हणून सांगतो. माझे फोंड्याला वीस वर्षे हेच काम चालले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरून येणाऱ्या यंत्रांत हा बिघाड मला डोंगराकडच्या यंत्रांपेक्षा जास्त दिसतो. समुद्रावरच्या वाऱ्यात मीठ असते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि धातूवर ओलसर पापुद्रा धरून ठेवते. त्या पापुद्र्यातून जिथे वीज जाऊ नये तिथे थोडीशी जाते, जिथे जावी तिथे अडते. लॅपटॉप खिडकीपाशी ठेवत असाल तर जागा बदला.

---

दोनापावला | १० ऑगस्ट, दुपारी ३.४०

मी घाईत लिहिले होते. फायलींचा विचारच केला नाही. माफ करा शापोराकाठ.

---

पेंग्विन_म्हापसा | १० ऑगस्ट, रात्री ८.१५

सोल्डरगनदादा म्हणतात ते खरे की नाही हे लॅपटॉप न उघडता तपासता येते. त्यांनी लिहिलेच आहे की स्पीकर बंद करायचा निर्णय ड्रायव्हर घेतो. मग ड्रायव्हरला सांगायचे, त्या निरोपाकडे लक्ष देऊ नको. विंडोजच्या रियलटेक कन्सोलमध्ये (ध्वनिचिपच्या कंपनीचा सेटिंगचा प्रोग्रॅम) काही मॉडेलांवर अशी सोय असते, सगळ्यांवर नसते. लिनक्समध्ये (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, उबंटू हा तिचाच एक प्रकार) बहुधा मिळते.

किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या (आरत्यांचा नव्हे! यातले सगळे पुसले जाते). दुसऱ्या संगणकावर उबंटूची फाइल उतरवून रुफस नावाच्या प्रोग्रॅमने त्यावर चढवा. लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि इन्स्टॉल न करता नुसते वापरून बघण्याचा पर्याय निवडा. तुमच्या डिस्कवर काही लिहिले जात नाही. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) बंद करायची गरज नाही, उबंटू त्यासकट चालते. ते बंद केले तर डिस्क कूटबद्ध असल्यास विंडोज पुढच्या वेळी रिकव्हरी की मागू शकते, म्हणून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) काही बदलू नका.

मग टर्मिनल उघडून अल्सामिक्सर ही आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत, जोडून लिहा. एफ६ दाबून इंटेलचे किंवा एएमडीचे ध्वनिकार्ड निवडा. उभ्या पट्ट्या दिसतील. 'स्पीकर'खाली दोन एम दिसले तर ती मूक आहे, एम दाबून उघडा. उजव्या बाणाने शेवटपर्यंत जा, तिथे 'ऑटो-म्यूट मोड' असेल. वरच्या-खालच्या बाणाने तो बंद करा आणि काहीतरी वाजवून बघा.

स्पीकर बोलला तर मदरबोर्डही ठीक, स्पीकरही ठीक. तरीही शांत असेल तर स्पीकर, त्याची तार किंवा त्याला जोर देणारा भाग बघावा लागेल.

---

सुरंगी | १० ऑगस्ट, रात्री ९.००

एवढे जमणार नसेल तर आणखी एक सोपा मार्ग. काही कंपन्या विंडोज सुरू होण्याआधीची चाचणी देतात. डेल असेल तर चालू करताना एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडा. एचपी असेल तर एस्केप आणि मग एफ२. त्यात बऱ्याच मॉडेलांवर स्पीकरचा सूर वाजवून बघता येतो. तिथे सूर ऐकू आला तर स्पीकर जिवंत आहे हे नक्की.

---

माटोळी | ११ ऑगस्ट, सकाळी १०.१०

धाग्यात मध्येच शिरते, राग मानू नये. माझा आवाज जात नाही, पण ब्लूटूथ हेडफोनवर ऑफिसची बैठक सुरू झाली की सगळे डब्यात बसून बोलल्यासारखे ऐकू येते. गाणी ऐकताना तोच हेडफोन उत्तम. मी वाळपईहून घरून काम करते, रोजचा त्रास आहे. हेडफोन बदलू का?

---

पेंग्विन_म्हापसा | ११ ऑगस्ट, सकाळी ११.३०

ताई, बदलू नका. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये दोन वेगवेगळ्या रीती असतात. एक गाण्यांसाठी: आवाज दोन्ही कानांत वेगळा आणि भरीव, पण फक्त एकाच दिशेने. दुसरी फोनवर बोलण्यासाठी: दोन्ही दिशांनी, पण दोन्ही कानांत एकच आवाज, तोही कमी दर्जाचा. बैठक सुरू होताच प्रोग्रॅम हेडफोनचा माइक मागतो आणि हेडफोन दुसऱ्या रीतीत जातो.

बैठकीच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. स्पीकर म्हणून हेडफोनच ठेवा, पण त्याचे 'हँड्स-फ्री' लिहिलेले नाव नको, दुसरे नाव घ्या.

---

माटोळी | ११ ऑगस्ट, दुपारी ४.५५

झाले! दोन वर्षे सहन करत होते. देव बरे करो.

---

शापोराकाठ | १२ ऑगस्ट, रात्री ११.०२

काल संध्याकाळी उबंटू उतरवायला घेतले आणि लाईट गेली. आज पुन्हा केले. अल्सामिक्सर उघडायला तीनदा चुकलो, मग लक्षात आले की एफ६ने कार्ड निवडलेच नव्हते, एचडीएमआयच्याच पट्ट्या बघत बसलो होतो. कार्ड निवडले, शेवटी गेलो, ऑटो-म्यूट बंद केले.

आवाज आला. लॅपटॉपच्याच स्पीकरमधून. पहिलीच आरती लावली होती. वडील सुरुवातीला घसा साफ करतात तेसुद्धा ऐकू आले. आई आतून बाहेर आली.

मदरबोर्डला काही झालेले नाही. नऊ हजार देऊन मोकळा होणार होतो मी.

---

सोल्डरगन | १३ ऑगस्ट, सकाळी ६.५०

वाचून फार बरे वाटले.

आता भोक साफ करू. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढा. आधी कोरडेच: हेडफोनची पिन पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा, प्रत्येक वेळी थोडी फिरवून. पुष्कळदा एवढ्यानेच थर घासला जातो. त्याने भागले नाही तर ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. दातांच्या फटीत फिरवायचा बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो, तो त्यात भिजवून, झटकून, भोकात हलक्या हाताने फिरवा. अल्कोहोल थेंबाथेंबाने आत ओतू नका. एक तास वाळू द्या.

हात धुवायचे सॅनिटायझर चालणार नाही. त्यात पाणी असते आणि ग्लिसरीनही. गंजावर मारायचे तेल नको, त्यावर धूळ बसते. केस वाळवायचे यंत्र नको, प्लास्टिक वितळते. टाचणी किंवा सुई तर मुळीच नको, पट्टी वाकली की ती कायमचीच. आणि लॅपटॉप तांदळात ठेवायचे कोणी सांगेल, तेही करू नका, आत भुकटी मात्र जाते.

---

शापोराकाठ | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

पिन फिरवून काही झाले नाही. ब्रशने झाले! ब्रशला हिरवट घाण लागली. विंडोजमध्ये यादीत आता 'स्पीकर' आले. आज मुलांचा सराव पहिल्यासारखा झाला. सगळ्यांचे मनापासून आभार.

---

शापोराकाठ | १७ ऑगस्ट, सकाळी ८.००

पुन्हा गेला. काल रात्रभर पाऊस होता, सकाळी उघडला तर यादीत परत 'हेडफोन'. पुन्हा ब्रश फिरवला, या वेळी काही नाही. उबंटूवर लावला की वाजतो, पण मुलांसमोर दर वेळी ते करणे जमत नाही. काय करू?

---

सोल्डरगन | १७ ऑगस्ट, दुपारी १२.४०

हिरवट घाण म्हणालात तेव्हाच मला धाकधूक होती. तो तांब्याचा गंज. पट्टीवरचा मुलामा गेला की खालचा धातू उघडा पडतो, आणि मग साफ केलेले फार दिवस टिकत नाही. मी त्या दिवशी लिहायला हवे होते, तुमचा आनंद बघून राहून गेले.

भोक बदलावे लागेल. बऱ्याच लॅपटॉपांत ते यूएसबीच्या खाचेबरोबर एका छोट्या वेगळ्या बोर्डावर असते आणि तो बोर्ड पट्टीसारख्या केबलने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. तसे असेल तर सोल्डरिंगही नको, चार स्क्रू आणि एक केबल. मुख्य बोर्डावरच असेल तर डाग देणारा चांगला माणूस हवा. दुकानात 'आवाज येत नाही' एवढेच सांगू नका. 'हेडफोनच्या भोकाचा सेन्स अडकला आहे, लिनक्समध्ये ऑटो-म्यूट बंद केल्यावर स्पीकर वाजतो' असे सांगा. ऐकणाऱ्याला काय ते लगेच कळेल.

बोर्ड येईपर्यंत यूएसबीचे छोटे ध्वनिकार्ड लावा, दोनतीनशे रुपयांत मिळते. त्याला स्वतःचा कोडेक असतो, त्यामुळे लॅपटॉपच्या भोकाशी त्याचा संबंधच नाही. त्याला बाहेरचा स्पीकर जोडा. खरे तर भोक दुरुस्त झाल्यावरही घुमट शिकवायला बाहेरचाच स्पीकर वापरा, हे मला आधीपासून सांगायचे होते. लॅपटॉपचे स्पीकर बोटाएवढे. त्यांच्यातून शब्द येतात, कासाळे येते, शामेळीची काठी येते. घुमटाचा जो खोल नाद, हाताने मागचे तोंड झाकल्यावर आणि सोडल्यावर बदलतो तो, त्यांच्यातून जवळजवळ येतच नाही. एवढ्या लहान पडद्याला तेवढी हवा ढकलता येत नाही. मुलांना डाव्या हाताचे काम कळायचे तर तो नाद ऐकायला मिळाला पाहिजे.

---

शापोराकाठ | १८ ऑगस्ट, रात्री १०.१५

दादा, तुम्ही वाजवता का हो? मला हे कधी सुचलेच नाही. मुले उजवा हात पटकन उचलतात आणि डावा नुसता टेकवून ठेवतात. मला वाटे, लक्ष देत नाहीत. त्यांना ते ऐकूच येत नव्हते.

---

सोल्डरगन | १८ ऑगस्ट, रात्री १०.४०

लहानपणी वाजवायचो. आमच्या घरी घोरपडीच्या चामड्याचे जुने घुमट होते. १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आता बकऱ्याचे चामडे लावतात, आणि तेच योग्य. पण तुमच्या मुद्रणात कोणते आहे हे ऐकायची इच्छा आहे.

---

शापोराकाठ | २४ ऑगस्ट, रात्री ९.२०

बोर्ड मिळाला. छोटा वेगळाच होता, यूएसबीच्या दोन खाचांसह. दुसऱ्या दुकानात तुमचे वाक्य जसेच्या तसे म्हटले. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि लगेच मागचे झाकण उघडायला घेतले. मजुरीसकट नऊशे रुपये. जुन्या भोकात खबर देणारी पट्टी काळीहिरवी झालेली त्याने भिंगातून दाखवली. लॅपटॉप आता कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, खिडकीपासून लांब.

देवळाचा मोठा स्पीकर चार दिवस मागून घेतला आहे. काल त्यावर तिसरी आरती लावली. धाकट्या मुलाने दोनदा ऐकली, मग न सांगता डावा तळवा घुमटाच्या तोंडावरून उचलला. बरोबर तिथेच.

---

सुरंगी | २४ ऑगस्ट, रात्री ९.४५

वाचून डोळे भरून आले. चवथीच्या शुभेच्छा, मुलांनाही सांगा.

---

पेंग्विन_म्हापसा | २४ ऑगस्ट, रात्री १०.१०

काका, ही मुद्रणे कोणत्या स्वरूपात आहेत? एमपी३ असतील तर ठीक, पण मूळ डब्ल्यूएव्ही फायली असतील तर त्याच जपा. एमपी३ करताना काही भाग कायमचा गळतो. तिसरी प्रत ठेवायला मी माझी हार्ड डिस्क देतो.

---

शापोराकाठ | २५ ऑगस्ट, सकाळी ७.३०

मूळ डब्ल्यूएव्हीच आहेत रे, एकूण बारा जीबी. आमचा गणपती पाच दिवसांचा. विसर्जन झाले की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला येईन तेव्हा डिस्क घेऊन भेट. सोल्डरगनदादा, तुमच्यासाठी एक पेन ड्राइव्ह वेगळा काढून ठेवला आहे. घुमट घोरपडीचेच आहे, आजोबांचे. ते आता वाजवत नाही, माळ्यावर आहे.